कणकुंबीची वाट: पंप, खानावळ आणि मुक्कामाची खोली

कणकुंबी हे बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातले, सह्याद्रीच्या माथ्यावरचे गाव. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाट उतरून गोव्यात जाणारा रस्ता या गावातून जातो. माउली देवीच्या देवळाच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९० मीटर उंचीवर, मलप्रभेचा उगम आहे. ही नदी पूर्वेकडे वाहत सुमारे ३०४ किलोमीटरनंतर कूडलसंगमला कृष्णेत मिळते. याच तालुक्यात देगावला उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला उतरते आणि मांडवी या नावाने पणजीपाशी समुद्र गाठते. पावसाचे पाणी जिथे दोन समुद्रांकडे वाटले जाते, तिथे वाटसरूही थांबतो. खालून चढून आलेल्याला दम खायचा असतो आणि वरून उतरणाऱ्याला ब्रेक तपासायचा असतो. मुक्कामाची जागा म्हणून कणकुंबीची निवड कोणी माणसाने केलेली नाही, ती डोंगराने केली आहे.

असे असूनही मोटारयुगातला मुक्काम, म्हणजे पेट्रोल, जेवण आणि रात्रीपुरती खोली, या वाटेवर एका अंगणात कधी आला नाही. अमेरिकेत तो आला. तिथे एकच कुटुंब पुढे पंप चालवी, मागे चार-सहा लाकडी खोल्या भाड्याने देई आणि मधल्या घरात स्वयंपाक करी. बेळगाव-निपाणी-खानापूर भागात पंप एका घराचा, खानावळ दुसऱ्याची आणि खोल्या तिसऱ्याच्या, अशी फाळणी झाली. ती का झाली आणि तिच्यामुळे या धंद्यांना कोणते वळण लागले, हा या इतिहासाचा गाभा आहे.

मोटारीच्या आधीची स्थिती थोडक्यात सांगता येते. घाटमाथा आणि किनारा यांना जोडणाऱ्या वाटा अनेक होत्या: रामघाट, तिनईघाट, चोर्ला आणि त्यांच्या अधल्यामधल्या पायवाटा. खालून मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर येई. वरून धान्य, गूळ आणि मिरची खाली जाई. ओझी लमाणांच्या बैलांच्या पाठीवर असत, त्यामुळे मुक्काम बैलाच्या चालीवर ठरे. पाणी, चारा आणि देऊळ या तीन गोष्टी असल्या की तळ पडे. कणकुंबीत तिन्ही होत्या. देवळाच्या ओवरीत झोपायला पैसे लागत नसत, म्हणून पैसे घेऊन झोपायला जागा देणारा धंदाही उभा राहिला नाही. पुढे इंग्रजांनी मोठ्या रस्त्यांवर डाक बंगले बांधले. पण ते साहेबांसाठी होते. देशी प्रवाशासाठी धर्मशाळा होती. दोन्हींच्या मधला, खिशात थोडे पैसे असलेला प्रवासी अजून जन्माला यायचा होता.

या वाटांच्या नशिबात मात्र एक गोष्ट ठळकपणे दिसते. एक रस्ता चांगला झाला की दुसऱ्यावरचा मुक्काम मरतो. रामघाट अवघड होता. आंबोलीकडचा गाडीरस्ता झाला आणि बेळगावचा माल त्या वाटेने वेंगुर्ले बंदराला जाऊ लागला. मग १८८८ च्या सुमारास लोंढ्याहून मुरगावला रेल्वे पोचली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर गाडीवानांना भाकर-तुकडा विकणाऱ्यांनी रेल्वेचे काही वाकडे केले नव्हते. रस्त्याकाठच्या धंद्याला स्वतःच्या चुकीशिवायही बुडता येते, आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत हे पुनःपुन्हा घडले.

त्याच १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ ही बाई नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, त्याला न सांगता, दोन मुलांसह मॅनहाइमहून फोर्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडे वर. वाटेत इंधन संपले तेव्हा तिने वीस्लोख गावातल्या औषधांच्या दुकानातून लिग्रोइन हे डाग काढण्याचे द्रव्य विकत घेतले. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून त्या दुकानाचे नाव आजही घेतले जाते. गंमत सोडली तरी त्यातली खरी बाब अशी की मोटारीचे इंधन सुरुवातीला दुसऱ्याच कुठल्या तरी दुकानात, दुसऱ्याच मालाच्या शेजारी विकले जाई. भारतातही तसेच झाले. रॉकेलचा डबा खेड्यापाड्यांत आधीच पोचला होता. चार गॅलनचा तो पत्र्याचा डबा रिकामा झाला की पाणी भरायला, धान्य मापायला आणि कापून छपराला ठोकायला उपयोगी पडे. पेट्रोलही आधी डब्यांतूनच आले. तेव्हा पंप नव्हता, दुकान होते, आणि दुकान घरातच असे.

जमिनीखाली टाकी आणि वर हाताने फिरवायचा पंप ही मांडणी पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे रुळली. पिट्सबर्गमध्ये गल्फ कंपनीने १९१३ साली मोटारी आत घेऊन इंधन भरून देणारे खास ठाणे उघडले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेच्या रस्त्यांवर घरगुती ठाण्यांचे पेव फुटले. शेतकऱ्याने रस्त्याला लागून एक पंप बसवावा, मग बायकोने चहा-फराळ सुरू करावा, मग अंगणात एक-दोन लाकडी खोल्या उठवाव्यात, हा क्रम सर्वत्र सारखा होता. कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पो गावी १९२५ च्या डिसेंबरात उघडलेल्या निवासाने मोटार आणि हॉटेल हे शब्द जोडून 'मोटेल' हे नाव प्रथम वापरले. पुढच्याच वर्षी शिकागो ते लॉस एंजेलिस हा ६६ क्रमांकाचा मार्ग ठरला आणि त्याच्या काठी अशी शेकडो घरे उभी राहिली. मंदीच्या काळात ज्यांच्याकडे दुसरे काही नव्हते त्यांच्याकडेही रस्त्याला लागून जमीन होती, आणि तेवढे भांडवल पुरे असे. १९५६ च्या कायद्याने नवे द्रुतगती मार्ग आले. ते गावांना वळसा घालून गेले, आणि जुन्या मार्गावरच्या खोल्यांना टाळे लागले. वेंगुर्ल्याच्या रस्त्याचीच ही दुसरी आवृत्ती होती.

भारतात असे संयुक्त अंगण उभे राहिले नाही, याचे पहिले कारण कायद्यात आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने ज्वलनशील तेलांचे वर्ग पाडले. २३ अंश सेल्सिअसच्या खाली ज्याची वाफ पेट घेते ते 'अ' वर्गात. पेट्रोल त्यात येते. विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल ठरलेल्या भांड्यांत परवान्याविना ठेवता येते. विकायचे म्हटले की परवाना लागतो. म्हणून खेड्यातल्या दुकानात बाटलीत मिळणारे पेट्रोल, कितीही अडीनडीला उपयोगी पडले तरी, कायद्यात बसत नाही. पंपाच्या परवान्यासाठी नकाशा द्यावा लागतो, इमारतींपासून ठरावीक अंतर राखावे लागते आणि परवान्याच्या आवारात विस्तव चालत नाही. या परवान्यांचे मुख्य कार्यालय नागपूरला आहे. जिथे विस्तव चालत नाही तिथे चूल कशी चालणार? चूल आणि पेट्रोल यांच्यामध्ये भिंत उभी राहिली, आणि खानावळ पंपाच्या आवाराबाहेर, शेजारी किंवा रस्त्यापलीकडे गेली.

मुक्कामाच्या खोलीचा कायदा तर याहून जुना, १८६७ चा सराय कायदा. सरायचालकाने जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नोंद करावी, विहिरी आणि गटारे साफ ठेवावीत, पहारेकरी ठेवावेत, दरांची यादी भिंतीवर लावावी आणि साथीच्या रोगाने कोणी आजारी पडले तर पोलीस ठाण्याला कळवावे, अशी त्याची कलमे. वाचताना ती विनोदी वाटतात. पण लॉजच्या भिंतीवरचे दरपत्रक आणि टेबलावरची नोंदवही यांचे कूळ तिथपर्यंत जाते. पंपासाठी एक दार आणि खोलीसाठी दुसरे, अशी ही स्थिती होती. दोन्ही दारांशी जोडे झिजवणे एका घराला परवडणारे नव्हते.

दुसरे कारण कंपन्यांचे. १९२८ मध्ये बर्मा-शेल ही जोडकंपनी झाली. स्टँडर्ड-व्हॅक्यूम, म्हणजे नंतरची एस्सो, आणि कॅल्टेक्स या तिच्या बरोबरीच्या. या कंपन्या टाकी, पंप आणि पाटी स्वतःची ठेवीत. गावातला व्यापारी फक्त डीलर असे. अनेकदा जमीन त्याची, पण ती कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाड्याने दिलेली. म्हणजे स्वतःच्या जागेवर, दुसऱ्याच्या यंत्राने, दुसऱ्याने ठरवलेल्या दरात, दुसऱ्याच्या नावाचा माल विकणे. लोक मात्र पंपाला डीलरच्या घराचेच नाव देत. कागदावर कंपनी आणि बोलण्यात घर, ही दुहेरी ओळख या धंद्याला आजतागायत चिकटून आहे.

दुसऱ्या महायुद्धाने धंद्याचा कणा मोडला. १९४१ पासून पेट्रोलवर नियंत्रण आले आणि कूपनाशिवाय थेंब मिळेना. बसगाड्यांच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या बसवल्या गेल्या. कोळशाच्या गॅसवर गाडी सपाटीला कशीबशी चाले. चढ आला की उतारूंनी उतरायचे आणि हात लावायचा.

स्वातंत्र्यानंतर या भागाचा भूगोलच बदलत गेला. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होते. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर सरकारी बस सुटली आणि प्रवासी वाहतूक हळूहळू खासगी हातांतून सरकारकडे गेली. सरकारी बसने आणलेली एक नवी गोष्ट म्हणजे वस्तीची गाडी. संध्याकाळी शेवटच्या गावी पोचायचे, रात्र तिथे काढायची आणि पहाटे परत निघायचे. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात किंवा शाळेच्या व्हरांड्यात झोपत आणि गावातल्या एखाद्या घरी जेवत. डोंगरातल्या गावांत पैसे देऊन जेवणारे नियमित पाहुणे म्हणजे बरेचदा हेच दोघे. आज तिथे जी घरगुती खानावळ दिसते तिची सुरुवात शोधायची तर जाहिरातीत शोधू नये. या दोन ताटांपाशी शोधावी.

कणकुंबीच्या बाबतीत राजकारणाने रस्ताच अडवला. गोवा पोर्तुगीजांकडे होता. १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारताने सीमा बंद केली आणि घाटमाथ्यावरची गावे रस्त्याच्या मधली न राहता शेवटची झाली. पलीकडे जाणाराच नाही म्हटल्यावर थांबणारा कुठून येणार? १९६१ च्या डिसेंबरात सैन्य बेळगाव भागात जमले. मुख्य फौज पूर्वेकडून अनमोड-मोलेच्या अंगाने आणि दुसरी दोडामार्गच्या बाजूने गोव्यात शिरली, आणि १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. मुक्तीनंतरही मोठी वाहतूक अनमोडच्याच रस्त्याने गेली. तोच पुढे राष्ट्रीय महामार्ग झाला. चोर्ल्याची वाट कितीतरी वर्षे जाणत्या वाहनचालकांची जवळची वाट एवढीच राहिली. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले होते. सीमावादाची चर्चा भाषेच्या आणि हक्काच्या अंगाने भरपूर झाली आहे आणि व्हायलाच हवी. पण राज्याची रेघ पेट्रोलच्या दरातूनही जाते, हे फारसे कोणी लिहीत नाही.

ते समजायला निपाणीकडे जावे लागते. पुणे-बंगळूर रस्त्याला या भागात अजूनही पी. बी. रोड म्हणतात, बेळगाव, निपाणी आणि कोल्हापूर या तिन्ही गावांत त्या नावाचा रस्ता आहे. निपाणी तंबाखूचे आणि विडीचे गाव. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक याच महामार्गावर ठिय्या देऊन बसले आणि शेवट गोळीबारात झाला. आंदोलनाला कचेरी सोडून रस्ताच का निवडावासा वाटला, याचे उत्तर सोपे आहे. त्या गावाची नाडी रस्त्यावर लागत होती. पुढे सुवर्ण चतुष्कोन योजनेत महामार्ग चौपदरी झाला आणि गावाबाहेरून गेला. गावातल्या जुन्या रस्त्यावरचे धंदे आणि नव्या रस्त्यावरचे धंदे यांच्या नशिबात एका वळणाचा फरक पडला.

नव्या रस्त्यावर कोगनोळी आणि कागल यांच्या मध्ये राज्याची हद्द आहे. पेट्रोल आणि डिझेल वस्तू-सेवा करात नाहीत; त्यांच्यावर प्रत्येक राज्य स्वतःचा विक्रीकर लावते. कर्नाटकाचा कर बरीच वर्षे महाराष्ट्रापेक्षा कमी असल्याने पुण्याकडे जाणारे ट्रक हद्द ओलांडण्याआधी टाकी भरून घेतात आणि पंपांवर 'कर्नाटकातील शेवटचा पंप' अशा पाट्या लागतात. हद्दीच्या अलीकडे असणे म्हणजे गिऱ्हाईक, पलीकडे असणे म्हणजे त्याची वाट पाहणे. १५ जून २०२४ ला कर्नाटकाने पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ टक्क्यांवरून २९.८४ टक्क्यांवर नेला आणि लिटरमागे सुमारे तीन रुपयांचा फरक एका रात्रीत आला. शेवटच्या पंपाची मिजास बंगळूरच्या एका आदेशावर अशी टांगलेली असते.

चोर्ल्याच्या वाटेवर याचा उलटा अनुभव आला. २०१२ च्या एप्रिलमध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने गोव्यातला पेट्रोलवरचा कर जवळजवळ शून्यावर, ०.१ टक्क्यावर, आणला आणि पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले. गोव्याहून परतणारा प्रत्येक जण काठोकाठ टाकी भरून घाट चढू लागला. अशा गाडीला घाटमाथ्यावर पंप लागत नाही. कणकुंबीच्या अबकारी नाक्यावर गोव्याहून येणाऱ्या गाड्यांत दारू शोधली जाते, कारण तीही तिकडे स्वस्त. टाकीत भरलेले पेट्रोल मात्र कोणी मोजत नाही. बेळगाव सोडले की घाटापर्यंत पंप विरळ का, याचे अर्धे उत्तर या स्वस्ताईत आहे आणि उरलेले अर्धे जंगलात. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले, त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. त्याच्या आसपासच्या पट्ट्यात जमिनीखाली तेलाची टाकी पुरण्याची परवानगी मागणे हे धाडसच.

पुन्हा पंपाकडे. १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा-शेल व कॅल्टेक्स सरकारने ताब्यात घेतल्या. त्यांतून हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम उभ्या राहिल्या. इंडियन ऑइल त्याआधीच होती. राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यांत एक तरतूद अशी होती की परदेशी कंपनीने भाड्याने घेतलेल्या जागांचे करार सरकारला हवे असल्यास त्याच अटींवर पुन्हा वाढवता येतील. 'त्याच अटींवर' म्हणजे त्याच भाड्यात. रस्त्याकाठच्या जमिनीचे भाव आकाशाला भिडले तरी आजोबांनी सही केलेले भाडे नातवाला मिळत राहिले. यावर देशभर खटले झाले आणि दशकानुदशके चालले. पंपाच्या घराला लोक श्रीमंत समजतात. या कागदांत मात्र वेगळेच चित्र सापडते.

डीलरशिपही मालमत्ता नसते, करार असतो. डीलर वारला की ती आपोआप मुलाकडे जात नाही. वारसांनी अर्ज करायचा, कंपनीने तपासायचे आणि मग नव्या नावाने करार. भावाभावांत वाटणी करायची म्हटले तरी कंपनीची संमती लागते. शेत वाटता येते, घर वाटता येते, पंप वाटता येत नाही, म्हणून कितीतरी घरे पंपामुळे एकत्र राहिली आणि काही त्याच्यावरूनच मोडली. डीलरशिप मिळवणे हा तर राजकीय प्रश्न होता. कारगिलनंतर हुतात्म्यांच्या कुटुंबीयांना पंप देण्याची योजना आली, ती रास्त होती. पण २००२ मध्ये वशिल्याचे आरोप झाले तेव्हा केंद्र सरकारने २००० सालापासूनची हजारो वाटपे सरसकट रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाला तो सरसकटपणा रद्द करावा लागला.

पंपावरचे रोजचे काम बाहेरून दिसते त्याहून किचकट असते. सकाळी टाकीत दांडी सोडून साठा मोजायचा. याला डिप घेणे म्हणतात. मग घनता मोजून पाटीवर लिहायची. आदल्या दिवशीच्या आकड्यापेक्षा ती तीन एककांहून अधिक हलली तर भेसळीचा संशय. टँकर आला की खाली करण्याआधी सील आणि घनता पाहायची. वैधमापनशास्त्र विभागाने शिक्का मारलेले पाच लिटरचे माप प्रत्येक पंपावर असते. गिऱ्हाइकाने मागितले तर त्यात पेट्रोल मोजून दाखवावे लागते, आणि फरक २५ मिलिलिटरपर्यंतच चालतो. 'झिरो बघा' हे वाक्य सौजन्याचे वाटले तरी त्यामागे शेकडो भांडणांचा इतिहास आहे. खानापूरच्या पश्चिमेसारख्या धो धो पावसाच्या प्रदेशात एक भीती आणखी असते. टाकीत पाणी शिरले तर साध्या पेट्रोलमध्ये ते तळाशी बसे आणि दांडीला लावलेल्या लेपाचा रंग बदलून कळे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि अख्खा साठा वाया जातो. उसाच्या पट्ट्यातून आलेल्या या नव्या घटकाने पावसाच्या पट्ट्यातल्या डीलरची झोप उडवली, असे म्हणायला हरकत नाही. त्यातच १६ जून २०१७ पासून दर रोज सकाळी सहाला ठरतो. आदल्या दिवशी महागात घेतलेला टँकर दुसऱ्या दिवशी स्वस्तात विकावा लागू शकतो. किराणा दुकानदार दर वाढायच्या आधी माल भरून ठेवतो. पंपवाल्याला तेवढीही मोकळीक नाही.

घरगुती पंपाला खरा धक्का कोणी दिला असेल तर तो कंपन्यांच्याच मोठ्या महामार्ग-ठाण्यांनी. ट्रकवाल्यांसाठी झोपायला जागा, अंघोळ, कपडे धुण्याची सोय, ढाबा आणि वाहनतळ असे सगळे एका आवारात देणारी ठाणी भारत पेट्रोलियमने उभारली आणि त्यांना नाव दिले 'घर'. जी गोष्ट कायद्याने आणि करारांनी खऱ्या घराला करू दिली नाही, ती कंपनीने मोठ्या जागेवर, सुरक्षित अंतरे राखून केली आणि नाव मात्र घराचे लावले. व्यवहार म्हणून यात चूक काही नाही. नाव निवडणाऱ्याला मात्र आपल्या प्रवाशाची नस नेमकी सापडली होती.

खानावळ आणि खोली यांची कथा याच्या समांतर चालते. बेळगाव भागात रस्त्याकाठी जेवणाच्या तीन परंपरा आहेत: लिंगायत खानावळ, मराठा खानावळ आणि उडुपी हॉटेल. ढाबा हा शब्द ट्रकवाल्यांबरोबर उत्तरेतून आला आणि सगळ्यांच्या पाट्यांवर चढला. चोर्ल्याच्या वाटेवर घाटमाथ्याची नाचणीची भाकरी आणि खालची सोलकढी एका ताटात येतात. या ताटामागचे श्रम बहुतेक घरातल्या बायकांचे. पाटीवर मात्र देवाचे नाव किंवा मुलाचे. परवाना, कर्ज, वीजजोडणी या सगळ्यांवर पुरुषाची सही असल्याने जिच्या हाताच्या चवीवर धंदा उभा राहिला ती कागदात कुठेच सापडत नाही. धंद्याचा इतिहास लिहिताना ही उणीव सर्वांत जास्त बोचते.

खोल्या सगळ्यांत उशिरा आल्या. अनमोडच्या महामार्गाचे रुंदीकरण रखडले तशी बेळगाव-गोवा वाहतूक चोर्ल्याकडे वळली. पावसाळ्यात वज्रपोहा, चिखले यांसारखे धबधबे पाहायला बेळगाव-हुबळीची तरुण मंडळी येऊ लागली. घाटाच्या ऐन तिठ्यावर, जिथे तीन राज्ये भेटतात, स्वप्नगंधा खोऱ्यात 'वाइल्डरनेस्ट' हे निसर्गनिवास उभे राहिले. खाणींपासून डोंगर वाचवण्याच्या धडपडीतून ते जन्मले आणि त्याच्या कुटी आकेशियाच्या लाकडाच्या आहेत. अमेरिकन लाकडी खोल्यांशी त्यांचे रूप जुळते, हेतू जुळत नाही. त्या खोल्या रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबवण्यासाठी होत्या, या कुटी रस्त्यापासून दूर नेण्यासाठी आहेत. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातला खरा घरगुती प्रकार म्हणजे होम स्टे: शेतघराला जोडलेल्या दोन-तीन कौलारू खोल्या, ओसरीवर जेवण आणि काजूच्या झाडाखाली गाडी. केंद्र सरकारच्या 'अतुल्य भारत' योजनेत घरमालकाने त्याच घरात राहिले पाहिजे आणि खोल्या सहाहून अधिक असू नयेत अशा अटी आहेत. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. सराय कायद्याची नोंदवही अशी संगणकात गेली.

या खोल्यांचा हंगाम विचित्र असतो. धबधबे जोरात असतात तेव्हा पाहुण्यांची गर्दी, आणि नेमक्या तेव्हाच वाट बंद. अपघात वाढल्यामुळे अलीकडच्या काही पावसाळ्यांत वनखात्याने तालुक्यातल्या धबधब्यांवर जायला मनाई केली. बुडालेल्या पोरांच्या बातम्या वाचल्या की मनाई चुकीची म्हणवत नाही. पण मनाईचा आदेश निघाला की शनिवार-रविवारचे आरक्षण रद्द होते, आणि खोलीवर काढलेल्या कर्जाचा हप्ता रद्द होत नाही. कुसमळीजवळ मलप्रभेवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पाडून २०२५ मध्ये नव्याचे काम निघाले तेव्हाही वाहतूक वळवावी लागली आणि पुढची सगळी वाट ओस पडली.

पंपांचा पुढचा प्रश्न विजेच्या गाड्यांचा आहे. बेळगावहून पणजीला विजेवर जाणाऱ्या गाडीला घाटाच्या चढावर बॅटरीची काळजी असते, आणि भरायला थांबायचे तर पेट्रोलसारखी पाच मिनिटे पुरत नाहीत. अर्धा-पाऊण तास थांबणाऱ्या माणसाला चहा लागतो, जेवण लागते, कधी पाठ टेकायला जागा लागते. विजेच्या खांबाला चुलीचे वावडे नाही. १९३४ पासून चूल आणि इंधन यांच्यात असलेली भिंत इथे लागू पडत नाही, आणि ओसरीसमोर असा खांब बसवणाऱ्या घराला पंप, खानावळ आणि खोली प्रथमच एका अंगणात आणता येतील. कणकुंबीसारख्या ठिकाणी ही शक्यता आज तरी कोणत्याही नव्या पंपापेक्षा अधिक व्यवहार्य दिसते. अट एवढीच की पावसाळ्यात वीज टिकली पाहिजे.

या सगळ्या इतिहासाची साधने मात्र झपाट्याने नाहीशी होत आहेत. कूपनांची पुस्तके, गॅलनच्या हिशोबाच्या चोपड्या, कंपनीशी झालेले भाडेकरार, लॉजच्या नोंदवह्या, खानावळीच्या दरांच्या पाट्या, वस्तीच्या गाडीच्या माणसांच्या जेवणाचे मांडून ठेवलेले हिशोब, हे सगळे माळ्यावर असते आणि घर पाडले की रद्दीत जाते. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून चालू आहे. खानापूर आणि निपाणीतही वाचनालये आहेत. पी. बी. रोडवर, जांबोटीच्या वाटेवर किंवा घाटमाथ्यावर ज्यांच्या घरी असा एखादा कागद असेल, त्यांनी तो रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा आपल्या गावच्या वाचनालयात दाखवावा.